धारणीच्या ताईंचा चहा

छापखान्यात राहिलं की बोटांना शाई लागते आणि डोक्यात किस्से साठतात. शाई रॉकेलनं निघते. अमरावतीच्या आमच्या प्रेसमधले हे चार-पाच किस्से मात्र अजून निघालेले नाहीत.

*

बी.ए. होऊन मी प्रूफं तपासायला लागले तेव्हा खोलीत दोन टेबलं होती. एक माझं, दुसरं विमलताईंचं. पण ताई राहायच्या धारणीला, पार मेळघाटात. प्रूफं बसनं जायची, तपासून बसनंच परत यायची. स्वतः त्या प्रेसमध्ये कधी आल्याच नव्हत्या.

"मग टेबल कशाला?" मी मॅनेजर देशमुखकाकांना विचारलं.

"मालकाचा नियम हाये, पोरी. मस्टरवर नाव हाये, तं टेबल पायजे. टेबल हाये, तं चहा पायजे."

खरंच, चहावाला रामा रोज त्या रिकाम्या टेबलावर कप ठेवून जायचा. पहिल्या दिवशी मी दचकलेच. श्राद्धाचं पान वाढल्यासारखं वाटलं. निवला की काका तो खिडकीबाहेरच्या लिंबाच्या बुडाशी ओतत.

*

एका पावसाळ्यात मेळघाटातल्या नद्यांना पूर आला आणि धारणीची बस अडकली. गठ्ठा फार उशिरा आला, तोही धुराचा वास घेऊन. भिजलेली प्रूफं ताईंनी चुलीवर वाळवली होती. आमचे मालक बापूसाहेब यांनी एक कागद उचलून वाकवला. तो कडकन मोडला.

"बाईनं प्रूफं धाडली का पापड?"

सगळे हसले. गठ्ठ्यात उशिराबद्दल चारोळीची पुडी होती. ती मालकांनीच संपवली.

*

मग मुंबईच्या एका कंपनीचा माणूस आला. अक्षरांची जुळणी मशीनवर, तपासणीही तिथेच. "तुम्ही फक्त मजकूर पाठवायचा. माणसं सांभाळायची कटकट नाही."

काका म्हणाले, "बापूसाहेब, आपल्या मानसाले पूर अडवते, पन मानूस आपला तं असते."

"तेच तं, काका. आपल्या मानसाले ताप आला तरी आपल्याले समजते. या मुंबईवाल्यायच्या इथं कोन आजारी पडलं, आपल्याले मालूमच नाही पडत. किती सुख हाये!"

ताईंचे यजमान जंगलखात्यात होते. झाड अंगावर पडल्यापासून अंथरुणाला खिळलेले. घर चालायचं ते ताईंच्या या कामावर. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून कोणी मान वर केली नाही. मी तर माझ्या टेबलाची कड घट्ट धरून बसले होते.

*

मुंबईला पहिलं काम दिलं ते कॅलेंडरचं. गुळगुळीत, देखणं, वेळेच्या आधी हजर! फक्त तान्हा पोळा गायब. बैलांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार जातात, हे तिकडे कोणाला माहीत असणार? त्यांनी सोबत कळवलं होतं, 'पोळा दोनदा आला होता. एक काढला.'

मला वाटलं, आता तरी ताई राहतील.

बापूसाहेब म्हणाले, "पोट्टे काय कॅलेंडर पाहून बैल काढतात?"

*

ताईंना काम बंद झाल्याचा निरोप गेला. त्यानंतर एक दिवस दुपारी एक बाई दारात आली. पायांवर धूळ, हातात कापडी पिशवी. मालक अकोल्याला गेले होते. ती पाहुण्यांच्या बाकावर बसली आणि पिशवीतून प्रूफांचा गठ्ठा काढून मला दिला.

"एवढी राहिली होती. मी विमल. धारणीची."

मी इतकी दचकले की दौत लवंडली. काका शाई पुसायला फडकं घेऊन धावले.

तेवढ्यात रामा आला. माझ्यापुढे कप, काकांपुढे कप. बाकावरच्या बाईला वगळून तो पुढे गेला आणि रिकाम्या टेबलावर कप ठेवून निघून गेला. त्याचं काय चुकलं? त्यानं ताईंना कधी पाहिलंच नव्हतं.

ताई त्या कपाकडे पाहत राहिल्या.

"थो कोनाचा व्हय?"

काका खिडकीकडे वळले.

"तुमचा," मी म्हणाले. "रोज येतो."

"रोज?"

"रोज."

"मी तं चहा पेतच नाही, बाई."

मग त्या उठल्या, टेबलाशी गेल्या, खुर्ची ओढून नीट बसल्या आणि अख्खा कप पिऊन टाकला.