उत्साहाचे तीन रकाने

पहिल्या इंटरव्ह्यूत मी नापास झाले ती कामात नाही, उत्साहात. नॉटिंगहॅममधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी सहा वर्षं रक्ताचे नमुने तपासत होते आणि जागा होती त्याच लॅबमधल्या सीनियरची. फीडबॅक देणाऱ्या बाई फोनवर फार गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचं काम उत्तम आहे. पण या जागेसाठी तुम्ही तितक्या एक्सायटेड वाटला नाहीत."

"म्हणजे मी नेमकं काय करायला हवं होतं?" मी विचारलं. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सीला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा साखर कारखान्यात वॉचमन असलेले माझे वडील "बरं झालं" म्हणाले आणि सायकल पुसायला बसले. पुसून झाल्यावर तीच सायकल पुन्हा पुसली. एवढाच जल्लोष. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. आनंद बोलून दाखवला की त्याला दृष्ट लागते, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. आणि इथे मीटिंगची वेळ बदलली तरी लोक थ्रिल्ड होतात.

माझ्या शेजारच्या बेंचवर एक हंगेरियन बाई काम करायची. साधारण माझ्याच वयाची, फटकळ, म्हणूनच आमचं जमायचं. तिलाही आधीच्या नोकरीत हेच ऐकवलं होतं. ती म्हणाली, "आमच्याकडे उगाच हसणाऱ्याला विचारतात, काय विकायला आलायस? चल, आपण दोघी शिकू. परीक्षेसारखं."

मग एका कोऱ्या कागदावर आम्ही तीन रकाने आखले. इंग्रजी, हंगेरियन, मराठी. 'कान्ट वेट'पुढे तिनं लिहिलं, अलिग वारोम. मी लिहिलं, कधी एकदा होतंय असं झालंय. 'ऑन टेंटरहुक्स'ला तिच्याकडे माणूस सुयांवर बसतो, आमच्याकडे जीव टांगणीला लागतो. 'चफ्ड टू बिट्स', म्हणजे भलतंच खूश, याला तिच्याकडचा माणूस कातडीतून बाहेर उडी मारायला निघतो. 'ओव्हर द मून'ला मी 'आनंद गगनात मावेना' असं लिहिल्यावर ती म्हणाली, "आम्ही चंद्रावर वगैरे जात नाही बाई. आम्ही म्हणतो, हा इतका खूश आहे की याच्याकडून पक्षी पकडून घ्यावा."

"का पण?"

"कुणाला माहीत! खूश माणूस काहीही करतो."

इतकं हसलो की पलीकडच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. बहुतेक तेव्हा आम्ही एक्सायटेड दिसत असू.

वर्षभरानं तीच जागा पुन्हा निघाली. मी तिला विचारलं, "तू भरतेयस का फॉर्म?"

"छे! मला कुणाच्या ड्यूट्या-रजांची भांडणं सोडवायची नाहीत. तू भर. मी इंटरव्ह्यूचं पॅनेल बनते." मग अंगठा मुठीत दाबून म्हणाली, "सोरीतोक नेकेद." तुझ्यासाठी अंगठा दाबून धरते, म्हणजे तुला यश मिळो.

तीन आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत ती पॅनेल झाली. ती प्रश्न विचारायची, मी उत्तर द्यायचे, मग दोघी मिळून उत्तर घासूनपुसून घ्यायचो. कोणत्या वाक्याला 'थ्रिल्ड' घालायचं, कुठे नुसतं 'रिअली लुकिंग फॉरवर्ड', तेसुद्धा ठरवलं. चुकीचं लेबल लागलेला नमुना मी एकदा वेळेत पकडला होता. तो किस्सा कसा सांगायचा, कुठे थांबायचं, हेही तिनंच बसवलं. त्या दिवशी ती माझ्या शेजारीच होती, दुसरं लेबल तिनं तपासलं होतं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी ती डेंटिस्टकडे गेली होती. माझा नंबर दुपारी होता. मी सगळं बोलले. हात हलवले, हसले, चफ्डसुद्धा झाले. लेबलचा किस्सा सुरू केला तेव्हा पॅनेलमधल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, आवडला.

दोन दिवसांनी पुन्हा त्याच गोड बाईंचा फोन. "या वेळी खूप छान! फक्त, कसं सांगू, यातलं बरंचसं आम्ही सकाळीच एका उमेदवाराकडून ऐकलं होतं. तुमचं जरा पाठ केल्यासारखं वाटलं."

मी फोन ठेवला. डेंटिस्टकडे म्हणून ती सकाळी कुठे गेली होती ते कळलं.

ती बेंचवर नमुने लावत होती. मी म्हटलं, "दात कसा आहे?"

तिनं वर बघितलं नाही. "सांगणार होते."

"कधी?"

"सांगितलं असतं तर तू माझ्याबरोबर तयारी केली असतीस?"

"नसती केली."

"मग?" ती म्हणाली. "किस्सा माझाही होता. मी काही चोरलेलं नाही."

खरं तेच बोलत होती, म्हणून जास्त लागलं. जागेचं दुःख मला आधी एकदा झालेलं होतं, त्याची सवय होती. पण तीन आठवडे समोर बसून ती माझी उत्तरं ऐकत होती ती कुणासाठी, हा प्रश्न कुठल्या पॅनेलला विचारायचा?

इथल्या रिवाजाप्रमाणे तिच्यासाठी अभिनंदनाचं कार्ड निघालं. खाकी पाकिटातून ते टेबलावरून टेबलावर फिरतं आणि प्रत्येकानं काहीतरी गोड लिहायचं असतं. सो थ्रिल्ड फॉर यू! ओव्हर द मून! 'आय'वरच्या ठिपक्याऐवजी बदाम. पाकीट माझ्याकडे आलं तेव्हा सही करून पुढे सरकवता आलं असतं. मी मराठीत लिहिलं, "तू मला सांगायला हवं होतंस." खाली नाव.

तिनं ते कार्ड नव्या टेबलावर उघडून उभं केलं. आठवड्यानं वॉर्डातली एक नर्स रिपोर्ट न्यायला आली आणि म्हणाली, "किती सुंदर अक्षरं! काय लिहिलंय हे?"

"मराठी आहे," ती म्हणाली. "माझ्या मैत्रिणीनं लिहिलंय. शुभेच्छा आहेत."

मी दोन पावलांवर उभी होते. कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, ही शिस्त मी या देशात सात वर्षं पाळली होती.

"शुभेच्छा नाहीत," मी म्हटलं. आणि नर्सला इंग्रजीत अर्थ सांगितला, शब्दाला शब्द.

नर्सनं रिपोर्ट घेतला, सॉरी म्हणाली, का कुणास ठाऊक, आणि गेली. माझ्या मैत्रिणीच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. ती हळूच म्हणाली, "हे तू सगळ्यांसमोर करायला नको होतंस."

"मग कुठे करायला हवं होतं?" मी विचारलं. याचं उत्तर आम्ही तयार केलेलं नव्हतं. सेंट्रिफ्यूज थांबलं होतं म्हणून मी नमुने काढायला गेले.