आवाज न करणारा डबा

टीव्हीमागे मी कमी विजेवर चालणाऱ्या नव्या एआरएम चिपचा छोटा कॉम्प्युटर बसवलाय. घरातले सगळे सिनेमे, लग्नाचे व्हिडिओ त्यातूनच प्रत्येकाच्या स्क्रीनवर पोचतात. तो तापत नाही, त्याला पंखा नाही, आवाज तर नाहीच.

आज बाहेर निघताना ह्यांनी सवयीने त्याचं भिंतीवरचं बटण बंद केलं. आत सासूबाईंचा सिनेमा मधेच थांबला. मी विचारलं, तर म्हणाले, "अगं, तो डबा गप्प पडला होता. मला वाटलं, काही करत नाहीये."

माझं डोकंच फिरलं. या घरात मिक्सर घरघरला की काम चाललंय हे सगळ्यांना कळतं. बाकी सगळं जणू आपोआप होतं.

संध्याकाळी मी भांडी आपटून आपटून घासली. तेव्हा कुठे हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "आज बरंच काम आहे का गं?"