तीस घरांचा स्कार्फ

ताईशी मी दोन वर्षं बोलले नाही. कारण विचाराल तर कुंकू. तिच्या मुलीचं साक्षगंध ठरलं तेव्हा तिनं मला फोन केला आणि मागाहून मोबाइलवर पत्रिका टाकली. बस, झालं. अकोल्याहून अमरावती म्हणजे काय विलायत आहे का? दोन-अडीच तासांची एसटी. सख्ख्या बहिणीला घरी येऊन, कपाळाला कुंकू लावून बोलवायचं असतं, हे तिला काय माहीत नव्हतं? नणंदेच्या घरी बरी गेली होती कुंकवाचा करंडा घेऊन. ते माझ्या कानावर आलं आणि माझं डोकंच सणकलं. साक्षगंधाला गेले नाही, लग्नालाही गेले नाही. वर चार नातेवाइकांत सांगून मोकळी झाले, की ती घरी येऊन कुंकू लावत नाही तोवर मी तिची पायरी चढणार नाही. एकदा बोलून बसले, मग धरून बसावंच लागलं.

मागच्या दिवाळीनंतर भाचीचा फोन आला. मी राजापेठेत भाजी घेऊन परत निघाले होते. शिकवणीचे वर्ग सुटलेले, पोरापोरींच्या गाड्यांचा नुसता गलका, त्यात मला अर्धंच ऐकू आलं. आईला बरं नाही, एवढं कळलं. मग ती ओरडूनच म्हणाली की तीन केमो झाल्या आणि डोक्यावरचे केस सगळे गेले. त्या पोरीच्या लग्नाला मी गेले नव्हते, आणि तरी तिनं मला मावशी म्हणून फोन केला होता. समोर जे दुकान होतं त्याच्या पायरीवर बसले. ते दुकान लोकरीचं होतं. थंडी सुरू झालेली, गुंडे माळेसारखे दारात टांगलेले. दुकानदारीण बाई बाहेर येऊन काय पाहिजे म्हणाली. काहीच नको कसं म्हणायचं, तिच्या पायरीवर बसून? मी वांग्याच्या रंगाचे दोन गुंडे घेतले. ताई जन्मभर क्रोशानं विणत आली होती, तोरणं काय, ताटावरचे रुमाल काय, म्हणून तेच सुचलं असेल.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिला फोन लावला. तिनं उचलला आणि नुसतं "हं" म्हणाली. दोन वर्षांनी काय बोलतात? तब्येत कशी आहे विचारलं असतं तर मला रडूच फुटलं असतं, आणि तिच्यापुढे मला रडायचं नव्हतं. तोंडातून भलतंच निघालं.

"ताई, मले क्रोशा शिकाव."

शाळेत असताना तिनं मला शिकवायला घेतलं होतं, तेव्हा दहाव्या मिनिटाला मी सुई घराच्या धाब्यावर, छतावर भिरकावून दिली होती. तेच तिच्या मनात आलं असणार.

"सुई तं हाय का घरात?" ती म्हणाली.

नव्हती. मग मी भैताड आहे, असं तिनं मला दोन वर्षांनंतर प्रथमच सांगितलं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

सुई आणली. लोकर किती आहे ते तिनं विचारलं, दोन गुंडे म्हटलं. रोज अकरा वाजता फोन स्पीकरवर टाकायचा, समोर तेलाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि ती सांगेल तसं करायचं. आधी तीस साखळ्या. मग परत फिरून प्रत्येक घरात एक मुका खांब. विणकामातल्या टाक्याला घर म्हणतात हे मला माहीत होतं, पण मुका खांब प्रथमच ऐकला. सुई घरात घाल, धागा ओढ, सुईवर दोन फेरे झाले की दोन्हींतून एकदम काढ. एवढंच. सगळ्यात सोपा टाका. मी म्हटलं, मुका खांब आपल्या दोघींना बरा शोभतो. ती हसली नाही, पण फोनही ठेवला नाही.

तिची बोटं त्या औषधांनी बधिर झाली होती. सुई हातात धरली की नाही तेच तिला समजत नव्हतं. हे तिनं चौथ्या-पाचव्या दिवशी सांगितलं, तेही असं, जसं काही भाव वाढले म्हणून सांगावं. मग म्हणाली, स्कार्फ झाला की तो मला दे, डोक्याला गार लागते. मी म्हटलं, तुझ्यासाठीच तर करून राहिली. खरं म्हणजे तोवर तो कोणासाठी आहे हे मी ठरवलंच नव्हतं.

आठ-दहा दिवसांत वीतभर झाला. मोठ्या ऐटीत फोटो पाठवला. खाली तीस घरं रुंद आणि वर जेमतेम वीस. पतंगाच्या शेपटीसारखा निमुळता होत गेलेला. ताईनं तो बघितला आणि लगेच फोन केला.

"शेवटचं घर सोडून राहिली तू. दर तीन-चार ओळींनी."

मी चिडले. म्हटलं, मी सगळी घरं करते. ती म्हणाली, काठावरचं घर आडवं पडते, ते दिसत नाही, नवीन माणूस ते घर समजतच नाही आणि परत फिरते. आता हे सगळं उसव. दहा दिवसांचं काम! मी सुई आपटली, ती तिला ऐकूसुद्धा गेली असेल. पण शाळेतल्यासारखी भिरकावली नाही. ओढत गेले आणि सगळं सरसर सुटत आलं. पुन्हा तीस साखळ्या. शेवटच्या घरात सेफ्टी पिन अडकवायची युक्ती तिनं सांगितली, आणि त्या दिवसापासून माझी घरं तीसची तीस राहिली.

आता चूक सांगते. ती स्कार्फातली नाही.

आम्ही दोघी रोज तासभर बोलायचो, पण विणकामापलीकडे एक शब्द नाही. बोटांचं तेवढं सोडलं तर तिच्या दुखण्याचं नाही, साक्षगंधाचं तर नाहीच. मी वाट बघत होते, की ती म्हणेल, ये एकदा. ती म्हणत नव्हती. आणि मी आपणहून जायचं तर चार नातेवाइकांत बोलून बसलेले. काय कपाळ माझं! बहीण तिकडे आजारी आणि मी इकडे आमंत्रणाची वाट बघत बसले. मनात ठरवलं, संक्रांतीला वाणाचं निमित्त करून जाईन, तिळगूळ हातावर ठेवीन आणि तेव्हा सगळं बोलून टाकीन.

आणि डिसेंबर संपायच्या आत स्कार्फ पुरा झाला. दोन्ही गुंडे संपले, टोकं आत ओवून झाली. चांगला झाला होता, खरंच. मी तो हातात घेऊन बसले आणि मला धडकीच भरली. हा झाला असं सांगितलं, तर उद्या अकरा वाजता फोन कशाला करायचा? तिला काय विचारायचं? दुसरं काही बोलायची हिंमत तर माझ्यात नव्हती. पुन्हा तो अबोला सुरू होईल.

मी स्कार्फ घडी करून कपाटात ठेवला आणि अकराला फोन केला.

"कुठवर आला?" तिनं विचारलं.

"अर्धाच झाला." मी म्हटलं.

मग रोज हेच. रिकाम्या हातानं फोनसमोर बसायचं आणि खोट्या चुका सांगायच्या. आज घर सुटलं, आज धागा गुंतला, आज चार ओळी उसवल्या. ती पहिल्यापासून समजावून सांगायची, न चिडता. तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता, मधेच दम खायला थांबायची. मला वाटायचं, सकाळची वेळ आहे, औषधाची गुंगी असेल. माणसाला जे समजून घ्यायचं नसतं ते तो बरोबर समजून घेत नाही.

संक्रांतीला तीन दिवस होते. सकाळी भाचीचा फोन आला, आणि या वेळी गलका वगैरे काही नव्हता.

मूर्तिजापूरवरून जाणारी पहिली एसटी मिळाली. पिशवीत फक्त स्कार्फ होता. ताईच्या घराची पायरी मी कधी चढले तेही मला आठवत नाही. तिला खाली निजवलं होतं, डोक्यावरून पदर. पदर मागं सारून मी स्कार्फ तिच्या डोक्याला बांधला. नीट बसला, कानांवरून खाली आला. गल्लीतली एक म्हातारी जवळ आली आणि हळूच म्हणाली, बाई, ही लोकर नकली असते, आगीत वितळून अंगाला चिकटते, नेताना काढून घेजो. मी हो म्हटलं. नेताना मीच सोडला.

सगळे परत आल्यावर भाचीनं मला मागच्या अंगणात नेलं. स्कार्फ माझ्या मांडीवर होता. तिनं तो उलगडून बघितला आणि विचारलं, कधी झाला होता हा? खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. पंधरा दिवस झाले, मी म्हटलं.

"आईले माहीत होतं, मावशी," ती म्हणाली. "दोन गुंड्यांत किती ओळी होतात ते तिले काय समजत नव्हतं? मी म्हटलं, मंग मागून घे ना, टॉवेल गुंडाळून कायले झोपून राहिली. तं म्हणे, राहू दे. झाला म्हणून सांगितलं तं तुही मावशी मले रोज फोन कायले करन?"

पंधरा दिवस ती टॉवेल गुंडाळून झोपली, आणि स्कार्फ माझ्या कपाटात होता.