चार बलांची एकच तार

माझे मिस्टर नांदेडकडल्या गोरेगावात मोटारी भरतात, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या पंपात नवी तांब्याची तार गुंडाळतात. दहावीला दोनदा आपटलेला माणूस, पण काही वर्षांपासून हात धुऊन विश्वाच्या मागं लागलाय. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं की जगात चार बलं आहेत, ती मुळात एकच असावीत असं मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटतं, पण अजून कुणाला ती जुळवता आली नाहीत. झालं!

"हे तर मोटारीसारखंच हाय," ते म्हणाले. "कॉइल चार दिसतात, पण तार एकच. सुरुवातीचं टोक सापडलं पायजे."

मी हसायचे. दारू पिण्यापेक्षा हे बरं, असं बहिणीला सांगायचे.

मागच्या उन्हाळ्यात ते दुकानातच कोसळले. नांदेडच्या डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला आणि बजावलं, चुंबकापासून लांब राहायचं. आणि ते टोक शोधायचे यांचे सगळे प्रयोग तर चुंबकावरच चालायचे.

आमच्या धंद्यात धोका म्हणजे करंट. लाईट गेली की धोका गेला, मग उघड्या तारेवरही लोक खुशाल हात टाकतात. मोटारीतली तारही करंट असेपर्यंतच चुंबक होते, म्हणून मोटार चालवून बघायचं काम आम्ही शेजारच्या दुकानात दिलं आणि आमच्या दुकानाचा फ्यूज मी पदराच्या गाठीत बांधून फिरू लागले. त्यात लोडशेडिंग सुरू झालं की मी अगदी निर्धास्त व्हायचे.

अशाच एका दुपारी लाईट गेली. मी चहा घेऊन दुकानात गेले तर हे बाकावर उताणे, सदरा उघडा. वरच्या अँगलवरून दोरी सोडलेली, दोरीला जुन्या लाऊडस्पीकरचा जड चुंबक, आणि तो बराबर पेसमेकरच्या वर, बोटभर अंतरावर. असल्या चुंबकाला लाईट लागतच नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"वरडू नको. आधी नाडी बघ."

मी मनगट धरलं. ऑपरेशननंतरही त्यांची नाडी अडखळतच चालायची, मला ती पाठ झाली होती. आता ठोके घड्याळासारखे पडत होते. त्यांनी दोरी ओढून चुंबक वर घेतला, नाडी पुन्हा अडखळली. खाली सोडला, पुन्हा सरळ.

"पृथ्वी त्याला खाली वढून राहिली, तो आतल्या मशीनला धरून राहिला, अन् मशीन काळजाला," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "समदं एकाच तारेवर हाय. तुला दिसून न्हाई राहिलं का?"

मला भलतंच दिसत होतं. मी हिसडा देऊन चुंबक दोरीपासून तोडला आणि फेकला. तो शटरला असा चिकटला की दोघांनाही निघेना.

डॉक्टर फोनवर ओरडलेच. चुंबक जवळ आला की पेसमेकर हृदयाचं ऐकणं सोडतो आणि स्वतःच्या ठेक्यावर चालतो, त्यात एखादा ठोका नको त्या क्षणी पडला तर जीव जाऊ शकतो, असं म्हणाले. मी रडकुंडीला आले. यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, चुंबक दूर केला की मशीन परत काळजाचं ऐकतं का?"

"हो, पण..."

पुढचं यांनी ऐकलंच नाही.

मी रेडिओ, बंद पडलेला टीव्ही, होते नव्हते ते स्पीकर भंगारात दिले. गल्लीत म्हणू लागले, नवऱ्याबरोबर बाईपण कामातून गेली. म्हणोत. पण चुंबक कुठं कुठं असतो हे मी किती शोधणार? मला आता या माणसाची भीती वाटते, आणि त्याहून जास्त त्याच्या आनंदाची. नाडी अडखळती लागली की मला बरं वाटतं. अडखळते आहे म्हणजे काळजाचं कुणीतरी ऐकतंय.

काल दुपारी जेवताना लाईट गेली. मी भाकरी वाढली आणि सवयीनं त्यांचं मनगट धरलं. ठोके एकसारखे पडत होते. सदऱ्याचा डावा खिसा फुगलेला होता.

"काढा ते."

त्यांनी खिशावर हात ठेवला, घट्ट.

"थांब की जरा. आत्ता कुठं टोक हाताला लागून राहिलं."