धाकट्या मामाचं रक्त

मंडळी, दुपारी बीदरच्या दवाखान्यातून आले. तुम्हालाच विचारते.

आमच्याकडं मामाशी लग्न लावतात. अक्काचं थोरल्या मामाशी झालं. त्यांच्या तीन वर्षांच्या चिनूला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. माझं धाकट्या मामाशी ठरलंय. रविवारी साखरपुडा.

चिनूच्या डॉक्टरांनी मला जनुकांची तपासणी करायला सांगितली होती. आज रिपोर्ट मिळाला. मी वाहक आहे. मला स्वतःला काही त्रास नाही, पण नवराही वाहक निघाला तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याचा धोका चारात एक.

आई म्हणाली, "घरचंच रक्त हाय की. त्याचं कामून तपासायलीस? परका हाय का त्यो?"

घरचंच आहे, याचीच तर भीती वाटते.

धाकट्या मामाला फोन करून तूही तपासून घे म्हटलं. तो हसला. "मला कधी साधा ताप आला न्हाई, अन् तू सुई टोचायलीस व्हय?"

अक्कानं माझ्या हातातून फोन घेतला. चिनू तिच्या मांडीवर होता. ती एवढंच म्हणाली, "मामा, तुझ्या थोरल्या अण्णालाबी कधी ताप आला नव्हता."

 मग मामा उद्या तपासणीसाठी रक्त द्यायला येतो म्हणाला.

पण त्याचा रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर साखरपुडा थांबवा, हे मला आत्ताच सांगायला हवं. माझे वडील, अप्पा, पाहुण्यांना बोलावणं करायला आळंद गावाला निघालेत, चपला घालताहेत.

तुम्ही माझ्या जागी असता तर अप्पांना पहिलं वाक्य काय बोलला असता?