राहिलं कोण?

खाला सिस्टर बर्फ कानाशी धरून ऐकायच्या. लसीकरणाच्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रात फ्रीजरमधून काढलेले आईसपॅक त्या टेबलावर मांडत, थोडा वेळ घाम सुटू देत, मग एकेक उचलून कानाजवळ हलवत. आत पाण्याचा आवाज आला, की तो पॅक निळ्या डब्यात जायचा. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "हसू नको गं. कडक बर्फाला चिकटून लस गोठली, की तिच्यात आनि पान्यात फरक नाय. पोराला नुसतं टोचल्याचं पाप आपल्याला लागंल."

मी गावची आशा सेविका. काम घेतलं तेव्हा माझा धाकटा पहिलीत होता. सिस्टर आमच्या उपकेंद्राच्या नर्स, मोहोपाड्याकडच्या. गावातल्या किराणावाल्यांची लेक त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, तिचं ऐकून सगळी पोरं म्हणू लागली आणि पुढे पोरांचे आजोबासुद्धा. सुई टोचणाऱ्या बाईला मावशी म्हणायचं आणि ती दिसली की गोठ्यात लपायचं, हे दोन्ही एकदम चालायचं.

मला याद्यांची आवड पहिल्यापासून. घरात डाळीच्या डब्यांवरसुद्धा माझ्या चिठ्ठ्या असतात. त्यामुळे कोणत्या बाळाची कोणती लस कधी, ही यादी मी दोन रंगांत करायचे. पहिल्याच सत्रानंतर मी मोठ्या उत्साहाने सांगायला गेले, "सिस्टर, अठरा झाले." त्या सुया मोडायच्या कामात होत्या. म्हणाल्या, "किती झाले ते सायबांना सांग. मला सांग, राहिलं कोण?" हा प्रश्न पुढे प्रत्येक सत्रानंतर आला. सतरा झाले तरी हाच, चाळीस झाले तरी हाच.

लस दिल्यावर त्या प्रत्येक आईला अर्धा तास अंगणवाडीत बसवून ठेवायच्या. कुणी म्हणालं, "सिस्टर, भात शिजत ठेवलाय, जाऊ द्या ना," की उत्तर ठरलेलं: "जा की. पोर ठेव नि जा." त्या अर्ध्या तासात चार गोष्टी सांगायच्या: आज काय दिलं, रात्री ताप आला तर काय करायचं, पुढं कधी यायचं, कार्ड कुठं ठेवायचं. कार्ड तांदळाच्या पिंपात ठेवू नका, हे त्या दर वेळी सांगत आणि दर वेळी कुणाच्या तरी कार्डातून तांदूळ पडत.

त्या वाद घालत नसत. कुंभिवलीच्या रस्त्याला घर असलेले एक आजोबा नातवाला टोचू देत नव्हते. ओट्यावरून उठलेच नाहीत. "आमच्या येळंला कुठं व्हतं ह्ये? आमी मेलो का?"

सिस्टर पायरीवर बसल्या. "तुमी भावंडं किती, बाबा?"

"नऊ."

"आता किती हायत?"

"आता म्हातारपनी गेले त्ये धरू नको."

"नाय धरत. ल्हानपनीचे सांगा."

आजोबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोन गोवरानं, एक डांग्या खोकल्यानं, एकाचं ठाऊक नाही, आई सांगायची नाही. मोजून झाल्यावर त्यांनी दुमडलेल्या चार बोटांकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाले, "आन त्याला हिकडं. लई चाबरी बाई हाय ही." आणि नातवाला मांडीवर घेऊन स्वतःच बसले. सुई टोचताना डोळे मात्र त्यांनी मिटले, नातवाने नाही.

आता माझी चूक सांगते. गावामागच्या टेकडीवर वाडी आहे. दिवाळीनंतर तिथली निम्मी घरं वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या वर्षी रोशनी नावाची एक मुलगी नऊ महिन्यांची होत होती, तिची गोवर-रुबेलाची लस यायची होती. तिच्या घराला कडी. मी यादीत तिच्या नावापुढे "बाहेरगावी" लिहिलं आणि नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. त्या महिन्यात माझ्या यादीत कुणीच बाकी नव्हतं. मला त्या कागदाचा अभिमान वाटला.

सिस्टरनी रेघेवर बोट ठेवलं. "ही कुठं हाय?"

"भट्टीवर गेलेत."

"कंच्या भट्टीवर?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "आपल्या हद्दीत नाहीत सिस्टर. तिकडच्या आशा देतील."

"इचारून ठेव," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्या आठवड्याच्या कामांत ते सहाव्या क्रमांकावर लिहिलं. पाचपर्यंत झालं.

भट्टी दहिवलीच्या पुढे होती, फार लांब नव्हे. तिकडच्या यादीत ही माणसं नव्हती, कारण ती तिथल्या गावची नव्हती. माझ्या यादीत नव्हती, कारण मी रेघ मारली होती. महिनाभरात त्या भट्टीवर गोवर आला. रोशनीला निमोनिया झाला आणि तिला कर्जतला दवाखान्यात ठेवलं.

आम्ही दोघी गेलो. मुलगी ऑक्सिजनच्या नळीखाली निपचित पडलेली, डोळे चिकटलेले. तिची आई, जनी, खाटेशेजारी फरशीवर बसली होती. सिस्टरांना पाहून उठली नाही. म्हणाली, "आमाला कुनी इचारलंच नाय, सिस्टर. इचारलं असतं तर आनली नसती का?"

मी खाली बघत उभी होते. सिस्टर तिच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक आमची हाय, जने." आमची, म्हणाल्या. माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. ते ऐकताना मला जे झालं ते कुठलीही बोलणी खाऊन झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निळा डबा घेऊन भट्टीवर. मालक म्हणाला, "बाई, काम थांबंल."

"थांबवू नका. बायांना माती मळू द्या, मी ओळीतनं फिरते." आणि त्या फिरल्या, कच्च्या विटांच्या रांगांमधून, पोर आईच्या कडेवर असेल तिथेच टोचत. माझ्याकडे नोंदवही होती. हात चिखलाने भरलेल्या बाया नावं सांगत होत्या, मी लिहीत होते: कुठलं गाव, कुणाची भट्टी, मुकादमाचा फोन.

नऊ दिवसांनी रोशनीने डोळे नीट उघडले. ती बरी झाल्यावर सिस्टरनी तिला तीच लस दिली. मी विचारलं, "आता कशाला? गोवर तर येऊन गेला."

"गोवर गेला. रुबेला ऱ्हायला ना?" मग माझी जुनी यादी मागितली. रेघ मारलेल्या नावाच्या वर त्यांनी मला तेच नाव पुन्हा लिहायला लावलं. "रेघ मारलेलं पोर कुनाचंच नसतं, वंदे. गेलं, तर कुठं गेलं ते लिही." तेव्हापासून माझ्या वहीत मागे बाहेर गेलेल्या पोरांचं एक वेगळं पान असतं आणि तिथे खाडाखोड नसते.

सिस्टर निवृत्त झाल्या तो दिवस सत्राचाच होता. आरोग्य केंद्रात शाल, नारळ, पेढे तयार. गाडी अंगणवाडीच्या दारात उभी, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवलेला. सिस्टर डब्याशेजारी बसलेल्या.

"राहिलं कोण?"

"एक," मी म्हणाले. "रोशनी. पाच वर्षांचा डोस. भट्टीवर आहेत, निरोप दिलाय."

"मग बसू."

ड्रायव्हर आत आला. "सिस्टर, साहेब वाट बघतायत."

"सायबांना सांग, एक ऱ्हायलंय."

बऱ्याच वेळाने मुकादमाची मोटरसायकल आली. मागे जनी, मध्ये रोशनी, डोक्याला तेल लावलेली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कार्ड. कामाचा खाडा करून आलेली जनी म्हणाली, "उशीर झाला ना?" सिस्टर म्हणाल्या, "नाय गं. आमी हितंच हाव." टोचल्यावर रोशनी रडली आणि सगळ्यांसारखं सिस्टरनी तिलाही अर्धा तास बसवलं. शाल तेवढा वेळ थांबली.

आता नवीन सिस्टर आहेत, हुशार आहेत, सगळं मोबाईलवर भरतात. आईसपॅक कानाशी धरायला त्यांनाही शिकवलेलं आहे, मला बरं वाटलं. पण सत्राच्या दिवशी दुपारी माझा फोन वाजतो. मोहोपाड्याहून. नमस्कार नाही, तब्येत नाही.

"राहिलं कोण?"

परवा मी सांगितलं, "दोघं. एक ताप आहे म्हणून पुढच्या वेळी. एक भट्टीवर गेलंय."

"कंच्या भट्टीवर?"

मी मागचं पान उघडलं आणि वाचून दाखवलं.