ढेकणावरचा खोटा आळ

निरपराध ढेकणावर खोटा आळ घेऊन मी दोनशे पानी वहीतली साठ पानं भरली आहेत. ढेकूण वाचत नाहीत म्हणून मी आजवर वाचलो.

त्या काळी मी अमरावतीला एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि आपण लेखक आहोत असं मला वाटत होतं. (आपल्याला शिकवता येतं असंही वाटत होतं, पण तो विषय वेगळा.) मुलांच्या एका मासिकाच्या संपादकांनी माझ्याकडे रहस्यकथा मागितली. मागितली म्हणजे, मी चार वेळा त्यांच्या कचेरीत जाऊन बसल्यावर ते म्हणाले, "बरं, द्या एखादी." कथेत माणसं घेतली की कोणीतरी स्वतःला ओळखतो आणि भांडायला येतो, म्हणून मी किडे घेतले. गुप्तहेर होता इन्स्पेक्टर मुंगळे. काळा, करारी, कमरेत बारीक. हाताखाली हवालदार भुंगे. नावं जमली, मिशा जमल्या, फक्त गुन्हा काही सुचेना! तेवढ्यात उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि मी अकोल्याजवळच्या आमच्या गावी गेलो.

घरात शिरलो तो आडवा होऊन. समोरची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरली होती आणि दार अर्धंच उघडत होतं. दिवाळीपासून वेचलेला कापूस, भाव चढेल या आशेवर, वैशाख लागला तरी घरातच होता. त्या वर्षांत कापसाचं काय चाललं होतं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. ज्याच्या घरी जावं तिथं बोलणं भावापाशी यायचं आणि थांबायचं. आमच्या लहानपणी मात्र कापूस वेचला की पंधरा दिवसांत गाडीत भरून बाजारात जायचा. त्यामुळे कापसासोबत महिनोन् महिने राहायची सवय मला नव्हती. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझ्या बचावासाठी लागणार आहे.)

बाबा त्या खोलीच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर रेडिओ.

"कसे आहात बाबा?"

"येईन भाव," बाबा म्हणाले.

"जेवण झालं?"

"थांबा म्हना जराशे. येईन."

दादा नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत कामाला होता, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. घरात बाबा, आई, वहिनी आणि दादाची नऊ वर्षांची मुलगी वेणू एवढीच माणसं. आगीच्या भीतीनं बाबांनी त्या खोलीत उदबत्तीलाही बंदी केली होती. देव्हारा स्वयंपाकघरात हलवला होता आणि देव मसाल्याच्या डब्याशेजारी बसले होते. बाबा कमी बोलायला लागले होते. पूर्वी माणूस दिसला की हाका मारून बसवून घेणारे बाबा आता येणाऱ्याकडे बघून रेडिओचा आवाज वाढवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तो खाजवतच. मानेवर, पोटावर, पाठीवर लाल पुरळ. बघतो तर आई उलथण्यानं पाठ खाजवत होती, वहिनी दाराच्या चौकटीला खांदा घासत होती, आणि वेणूचे दोन्ही हात कामात असल्यामुळे ती दात घासायची थांबली होती.

"आई, हे काय आहे?"

"घामोळं हाय बाप्पा," आई घाईनं म्हणाली. "उन्हाळाच तसा हाय औंदा."

"भाऊजी, तुमाले पाणी बदललं ना, त्यानं होते," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मग तुम्हाला काहून होते? तुमचं पाणी तर तेच आहे."

वहिनीनं एकदा बाबांच्या पाठीकडे पाहिलं आणि ती ताक घुसळायला निघून गेली. ताक आदल्याच दिवशी झालं होतं. यात काही विचित्र आहे हे कोणाच्याही लक्षात आलं असतं. पण मला गुन्हा सापडला होता ना! मी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'घर चार माणसांचं. समोरची खोली कापसानं भरलेली. आणि घरातला प्रत्येक जण खाजवतो आहे. कोण चावतं?' सुरुवात मला इतकी आवडली की मी ती स्वतःलाच दोनदा वाचून दाखवली.

वेणूला मी हवालदार भुंगे नेमलं. आम्ही संशयितांची चौकशी सुरू केली. डास सुटला, कारण डास गुणगुणतो आणि इथं सगळं मुकाट्यानं चाललं होतं. पिसू सुटली, कारण घरात कुत्रं नव्हतं. राहिला ढेकूण. आम्ही गाद्या उलटल्या, उशा फाडल्या, भिंतीच्या फटीत काड्या घातल्या. एकही ढेकूण सापडला नाही.

"काका, ढेकूण नाहीच हाय," वेणू म्हणाली.

"पुरावा सापडत नाही याचा अर्थ काय, हवालदार? गुन्हेगार सराईत आहे!"

वेणूनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी पुढे माझ्या बायकोच्या डोळ्यांत बऱ्याचदा पाहिलं. कपाटात खाजेच्या गुलाबी औषधाच्या सात रिकाम्या बाटल्या सापडल्या, पहिलीचं बिल पौषातलं. मी लिहिलं, 'ही टोळी पौषापासून कार्यरत असावी.'

मग मी बाबांचा सागवानी पलंग अंगणात काढला. सांध्यांत ओतायला घासलेट आणलं, तर आईनं बाटली हिसकावून घेतली. "कापसाच्या घरात घासलेट! मास्तर हायेस की कोण हायेस?" मग उकळतं पाणी ओतलं. तीन हंडे! पलंग सुटा केला, वाळवला आणि दगडानं ठोकून परत जोडला. एक खुंटी उरली. ती जास्तीची असेल असं समजून मी खिशात टाकली.

दुपारी बाबा रेडिओ घेऊन पलंगावर आडवे झाले आणि पलंग खाली बसला. आम्ही धावलो. बाबा फळ्यांच्या मधोमध उताणे, रेडिओ पोटावर, आणि रेडिओ बाजारभाव सांगतोय. बाबांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं, कापसाचा भाव शेवटपर्यंत ऐकला आणि मगच उठवायला हात पुढे केला. कोणी हसलं नाही. मी सुद्धा नाही, कारण खुंटी माझ्या खिशात होती.

आता झोपायचं कुठं? इथं इन्स्पेक्टर मुंगळेची बुद्धी कडाडली. "कापसावर झोपू! मऊ आहे, उंच आहे आणि कापसात ढेकूण राहत नाही!"

सगळे एकदम थांबले. आईनं तोंडाला पदर लावला. वहिनी म्हणाली, "मले आंगनच बरं." वेणू म्हणाली, "मी आजीपाशी." मी बाबांकडे पाहिलं. बाबा त्या ढिगाकडे बघत होते.

"चाल," ते म्हणाले. "मी झोपतो तुयासंगं."

सकाळी आम्ही दोघं खाली उतरलो तेव्हा आई ओरडली. माझा एक डोळा मिटला होता. बाबांचे कान सुजून लाल झाले होते आणि पाठीवर तर बोट ठेवायला जागा नव्हती. वहिनीनं आठवी बाटली आणून आम्हाला दोघांना नखशिखान्त गुलाबी केलं. पण माझा तपास पुरा झाला होता. मी बसल्या बैठकीला कथा संपवली आणि संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना ओसरीवर बसवून वाचायला घेतली. गुलाबी लेखक, समोर गुलाबी वडील.

कथा रंगली होती. इन्स्पेक्टर मुंगळेनं ढेकणाच्या सहाही पायांत बेड्या घातल्या. ढेकूण गयावया करत होता. मी त्याचा आवाज काढून वाचलं, "साहेब, मी या घरात कधी आलोच नाही हो!" आणि मग मुंगळेचा करारी आवाज, "सगळे चोर असंच म्हणतात! चल ठाण्यावर!"

वेणू रडायला लागली.

"काका, त्याले सोडा! त्यानं काहीच नाही केलं!"

"मग कोणी केलं?"

वेणूनं ओठ घट्ट मिटले. मग हळूच म्हणाली, "आजीनं शपथ घातली हाय मले."

मी आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती. वहिनी पाणी आणायला उठली आणि तांब्या भरलेलाच असल्यामुळे परत बसली. माझ्या सुजलेल्या डोळ्यालाही तेव्हा काहीतरी दिसायला लागलं होतं.

"सांग पोरी," बाबा म्हणाले. "शपथ सुटली म्हन, अन् सांग."

वेणू आजीकडे बघत म्हणाली, "कापूस."

वहिनीनं वेणूला जवळ ओढलं. मग बाबाच म्हणाले, "कापसात बारीक किडे होतेत, मधू. डोयाले दिसत नाही. लय दिवस घरात ठेवला का चावतेत. मले पौषातच समजलं होतं."

"तुमाले माहीत होतं?" आई जागची उठली. "अवं, आमी तुमच्यापासून लपवून राह्यलो! पोरीले शपथ घातली मी! म्हनलं, हे आसेवर बसले हायेत, यायले कायले सांगा का तुमचा कापूस चावते म्हनून."

"अन् मी वाट पाहून राह्यलो," बाबा म्हणाले. "म्हनलं, घरातलं कोणी एक जन म्हनन, बास झालं आता, इकून टाका. त्या दिवशी इकतो. कोणीच म्हनलं नाही. मंग मले वाटलं, यायले बी भावाचीच आस हाय. आपन कशी मोडाची?"

पाच महिने! पाच महिने चार माणसं एकमेकांच्या मनाला जपत, एकमेकांसमोर खाजवत बसली होती. आणि मी, शिकलेला, पगारी, अमरावतीचा, बाबांना घेऊन त्या ढिगावर झोपलो. आणि ते माहीत असून झोपले! मला फार लाज वाटली. बाबांची इतकी माया आली की मी त्यांना मिठी मारायला उठलो, पण आम्ही दोघंही ओले गुलाबी होतो म्हणून परत बसलो.

"बाबा," मी म्हणालो, "बास झालं आता. इकून टाका."

बाबांनी मान डोलावली. रेडिओ मांडीवरून उचलून बाजूला ठेवला.

चार दिवसांनी ट्रॅक्टर आला. भाव दिवाळीत होता त्याहूनही पडलेला होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. भरताना बाबांनी रेडिओ लावला नाही. आईनं वातींसाठी दोन मुठी कापूस तेवढा मागे ठेवला, तोही कडक उन्हात वाळवून. देव मसाल्याच्या डब्यापासून सुटले. मी खुंटी खिशातून काढून मुकाट्यानं पलंगाला ठोकली. रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यात बाबा सवयीनं आणखी आठवडाभर बसले, पण येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायला लागले होते.

मी कथेचा शेवट बदलला. ढेकूण सन्मानानं सुटला, इन्स्पेक्टर मुंगळेनं त्याची जाहीर माफी मागितली आणि खरा गुन्हेगार कापसात सापडला. कथा मासिकाला पाठवली. पंधरा दिवसांत ती साभार परत आली. सोबत संपादकांची चिठ्ठी. मी ती घरी घेऊन गेलो आणि सगळ्यांना वाचून दाखवली:

'भाषा बरी आहे. परंतु समोरच्या खोलीत कापूस भरला आहे हे तुम्ही पहिल्याच पानावर लिहिलं आहे. मग कोण चावतं हे वऱ्हाडातल्या कोणत्या पोराला कळणार नाही? रहस्यकथा म्हणून घेता येत नाही. क्षमस्व.'

वेणू इतकी हसली की तिला उचकी लागली. आई हसली, वहिनी हसली. बाबांनी मात्र चिठ्ठी हातात घेऊन परत वाचली.

"हुशार मानूस हाय," ते म्हणाले. "त्याच्याई घरी कापूस असन."

ती वही अजून माझ्याकडे आहे. बाबा गेले, पलंग मात्र माझ्याकडे आला, खुंटीसकट. त्यावर झोपलो आणि कधी मध्येच पाठ खाजली, की मी अजूनही दिवा लावून सांध्यात बघतो. कारण खरं सांगायचं तर, एक तरी ढेकूण त्यात होताच असं माझं मत आहे!